मुंबई बंदराचा इतिहास : सोपाऱ्यापासून चैत्यभूमीपर्यंत

मुंबईचा इतिहास सांगताना बहुतेक जण १६६१ पासून सुरुवात करतात. पोर्तुगालच्या राजकन्येचे लग्न, इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालेली बेटे, मग ईस्ट इंडिया कंपनी, किल्ला, गोदी, रेल्वे आणि गिरण्या. हा क्रम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या किनाऱ्यावर बंदर, व्यापार आणि भिक्खू संघ हे सारे त्याआधी दीड हजारांहून अधिक वर्षे होते. शिवाय इंग्रजांच्या काळात जे बंदर उभे राहिले, त्याची ओझी कोणी वाहिली, हेही या क्रमात सहसा येत नाही. हे दोन्ही भाग एकत्र घेऊन मुंबई बंदराची कथा आम्ही येथे मांडत आहोत.

बेटे कोणती?

आजचे मुंबई शहर मुळात सात बेटांचे होते : मुंबई, कुलाबा, धाकटा कुलाबा, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. त्यांच्या उत्तरेला साष्टी हे मोठे बेट. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही उपनगरे साष्टीवर आहेत. साष्टीच्या पलीकडे, वसईच्या खाडीच्या उत्तरेस सोपारा.

बेटांच्या पूर्वेला, कोकणच्या भूमीच्या बाजूस, पाण्याचा खोल आणि आडोशाचा पट्टा आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे आणि लाटा बेटे अडवतात, त्यामुळे पूर्वेकडे जहाजे सुरक्षित राहतात. मुंबईचे सगळे बंदर याच बाजूला वाढले. याच पाण्यात घारापुरी बेट आहे. तेथील शैव लेणी जगप्रसिद्ध आहेत, मात्र त्याच बेटावरच्या पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

सोपारा : सम्राट अशोकाचे बंदर

पालघर जिल्ह्यातील आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे. पाली साहित्यातील स्थविर पुण्ण (पूर्ण) यांचे नाव बौद्ध परंपरा सोपाऱ्याशी जोडते. तथागतांकडून धम्म घेऊन ते आपल्या सुनापरांत प्रदेशात परतले, अशी ही कथा आहे.

परंपरेपलीकडचा पुरावा दगडात आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखात अशोकाने आपल्या धम्मयात्रेविषयी सांगितले आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि करमणुकीसाठी प्रवासाला निघत, आपण मात्र संबोधीला गेलो, अशी ही नोंद आहे. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचाही तुकडा मिळाला. धम्मलिपीतील असे लेख लोकांची वर्दळ असेल तेथे कोरले जात. सोपारा हे त्या काळचे गजबजलेले ठिकाण होते, याची ही साक्ष आहे.

१८८२ मध्येच इंद्रजींनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड उकरले. आत स्तूप निघाला. त्यात दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, आठ कांस्यमूर्ती, सोन्याची फुले आणि तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे होते. सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणेही मिळाले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

कान्हेरी : व्यापाऱ्यांच्या दानातून घडलेले विद्यापीठ

साष्टी बेटाच्या मध्यभागी, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू झालेली ही वस्ती जवळजवळ हजार वर्षे टिकली. भारतात इतका दीर्घकाळ चाललेली बौद्ध केंद्रे थोडीच आहेत.

कान्हेरी डोंगरात असली तरी ती बंदरांवर जगली. सोपारा, कल्याण आणि चौल ही तिन्ही बंदरे तिच्या आवाक्यात होती. येथील दानलेखांत सोपारा, कल्याण, चेमुल म्हणजे चौल अशा गावांच्या दात्यांची नावे येतात. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, भिक्खुणी आणि उपासिका आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळात व्यापारी बंधूंच्या दानातून कोरले गेले. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी दिली, तर कोणी भिक्खूंच्या चीवरांसाठी कायमचा निधी ठेवला.

पोढ्यांकडे मुद्दाम पाहावे. डोंगरावर पडणारा पाऊस खडकात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवलेला आहे, म्हणून चार महिन्यांच्या पाण्यावर भिक्खू संघ वर्षभर राहू शकत होता. याच डोंगररांगेत इंग्रजांनी १८६० मध्ये विहार तलाव आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधून मुंबईला नळाचे पाणी दिले.

नव्वद क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराचे एक शिल्प आहे. संकटात सापडलेले लोक त्याला साद घालताना दाखवले आहेत. आग, हत्ती, चोर अशा संकटांबरोबर तेथे फुटणारी नौकाही आहे. समुद्रावर पोट असलेल्या माणसांची भीती त्या शिल्पात कोरली गेली आहे. याच लेण्यात १००९ आणि १०२१ या वर्षांचे पहलवी लिपीतील लेख आहेत. इराणकडचे पारशी पाहुणे येथे आले आणि आपली नावे ठेवून गेले.

साष्टीवरच अंधेरीची महाकाली म्हणजे कोंडिवटे लेणी आणि बोरिवलीजवळची मागाठाणे लेणी आहेत. आपण लोकलने ज्या स्थानकांवरून रोज जातो, त्यांच्या आसपास हा सारा ठेवा आहे.

राज्ये बदलली, बेटे तीच

शिलाहारांच्या काळापर्यंत कान्हेरीला दाने मिळत होती. पुढे संघ क्षीण झाला. खाड्या गाळाने भरू लागल्या आणि सोपाऱ्याचे महत्त्व ओसरले. बिंब राजाचे माहीम, गुजरातचे सुलतान आणि १५३४ च्या तहाने आलेले पोर्तुगीज असा सत्तेचा क्रम लागला. या साऱ्या काळात बेटांवर कोळी, आगरी, भंडारी अशी वस्ती होती. मासेमारी, भातशेती, मीठ आणि ताडीमाडी यांवर ती चालत होती.

१६६१ च्या विवाह कराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. साष्टी मात्र मराठ्यांकडे होती. ती कंपनीने १७७४ मध्ये घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने कायम केली.

गोदी, रेल्वे आणि गिरणी

बंदराची खरी वाढ अठराव्या शतकात सुरू झाली. सुरतहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांच्या वंशजांनी सागवानी जहाजे बांधण्यात नाव मिळवले. त्यांच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये तरंगत्या स्थितीत जपलेले आहे.

बेटे जोडण्याचे कामही त्याच काळातले. वरळीची खिंड बांध घालून बुजवली, १८०५ पर्यंत शीवचा रस्ता झाला, १८४५ मध्ये माहीमचा. भराव टाकून सात बेटांचे एक बेट झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्याने युरोपचा प्रवास निम्म्यावर आला.

१८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. ससून गोदी १८७५, प्रिन्सेस गोदी १८८०, व्हिक्टोरिया गोदी १८८८ आणि अलेक्झांड्रा म्हणजे आताची इंदिरा गोदी १९१४, अशी एकामागून एक कामे झाली.

इतिहासाची पुस्तके येथे शेठजींची आणि गव्हर्नरांची नावे देतात. भराव टाकणारे, कोळसा भरणारे, कापसाच्या गाठी उचलणारे मात्र त्यांत नावाने येत नाहीत.

बोटीने आलेली माणसे, त्यांच्याबरोबर आलेली जात

कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये. त्याआधी कित्येक पिढ्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून मुंबईला येण्याचा मोठा मार्ग समुद्राचाच होता. बोटीने यायचे आणि धक्क्यावर उतरायचे. घाटावरून रेल्वेने येणारेही होते. गावकीची कामे, बलुत्याची भाकर आणि येसकरकीची काठी सोडून अस्पृश्य समाजातील हजारो माणसे या शहरात आली. गोदी, रेल्वे, गिरण्या, लष्कराचे कारखाने आणि नगरपालिकेचे सफाई खाते येथे त्यांना काम मिळाले. महिन्याला रोख पगार हातात येणे, ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट होती.

पण जातही त्याच बोटीने आली. गिरणीत सूत कातण्याच्या खात्यात अस्पृश्यांना घेत, विणकाम खात्यात घेत नसत. कारण असे सांगत की कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागतो, तेव्हा विटाळ होतो. खरी गोष्ट ही की विणकाम खात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट पुढाऱ्यांसमोर ठेवला. अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे, ही मागणी यादीत घ्यायला लावली. संप समितीने ती घेतली, पण आढेवेढे घेत. कामगारांची एकजूट जातीच्या प्रश्नावर कशी अडते, हे मुंबईने तेव्हाच पाहिले.

१८९६ च्या प्लेगनंतर इंप्रुव्हमेंट ट्रस्टने आणि १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी चाळी बांधल्या. बीडीडीच्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक नळ आणि शौचालये. बौद्ध समाजाचे मुंबईतील सार्वजनिक जीवन याच चाळींच्या मैदानांत घडले.

बाबासाहेब आणि समुद्र

रामजी सकपाळ मुंबईत आले ते परळच्या चाळवस्तीत. परळच्या इंप्रुव्हमेंट ट्रस्टच्या एक नंबर चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या बाबासाहेबांचे घर होत्या. ‘राजगृह’ बांधून होईपर्यंत ते तेथेच राहिले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन होऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. धम्म दगडांतून आणि पुस्तकांतून या शहरात पुन्हा दिसू लागला होता.

१९१३ मध्ये बाबासाहेब याच बंदरातून अमेरिकेला निघाले. १९१७ मध्ये ते लंडनहून परत आले, पण त्यांची पुस्तके दुसऱ्या जहाजाने येत होती. महायुद्धाच्या धुमाळीत ते जहाज पाणतीराने बुडाले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९३० आणि १९३१ मध्ये गोलमेज परिषदांसाठी निघाले, तेही मुंबईहूनच बोटीने.

सर्वांत महत्त्वाचा प्रवास मात्र लांबचा नव्हता. महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे दोनशेवर सहकारी ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले. धरमतरमार्गे जाणे जवळचे होते, पण तिकडचे मोटारवाले ऐनवेळी गाड्या देणार नाहीत, अशी शंका होती. म्हणून दासगावचा लांबचा जलमार्ग धरला. २५ तारखेला दुपारी बोट दासगावला लागली. तेथे वाट पाहत असलेल्या सत्याग्रहींसह सारे महाडला गेले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. जमिनीवरची वाट ज्यांना अडवली जाऊ शकत होती, त्यांना समुद्राने नेले.

१९३६ च्या मे महिन्यात नायगाव, दादर येथे मुंबई इलाखा महार परिषद भरली. ‘मुक्ती कोन पथे?’ हे तेथलेच भाषण. धर्मांतर हा पोरखेळ नाही, समुद्रप्रवासाला निघणारा तांडेल जशी आधी सगळी तयारी करतो तशी मला करावी लागेल, अशा अर्थाचा दाखला बाबासाहेबांनी त्यात दिला. बंदरात वाढलेल्या श्रोत्यांना तो समजावून सांगावा लागला नसेल. भाषणाचा शेवट त्यांनी तथागतांनी आनंदाला केलेल्या उपदेशाने केला.

त्याच काळात गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजन विहार’ चालवत होते. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरत.

१४ एप्रिल १९४४

भीमजयंतीच्याच तारखेला मुंबई बंदरावर सर्वांत मोठे संकट कोसळले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. कापूस पेटला आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. शेकडो माणसे गेली, त्यांत आग विझवणारे जवान होते आणि गोदीकामगारही. जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जयंतीच्या मिरवणुकीत त्या कामगारांचीही आठवण काढायला हरकत नाही.

मुंबई कोणाची?

स्वातंत्र्यानंतर भाषावार प्रांतांचा वाद सुरू झाला. भांडवल आमचे म्हणून शहर आमचे, असा दावा काही जण करीत. १९४८ मध्ये भाषावार प्रांत आयोगाला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी भूगोल आणि इतिहासाच्या आधारे मुंबई महाराष्ट्राचाच भाग आहे, असे सविस्तर मांडले. १९५५ मध्ये त्यांनी मराठी भाषकांच्या चार राज्यांची योजना सुचवली आणि त्यांत मुंबईला महाराष्ट्राचे नगरराज्य म्हटले. त्यांचे विचार काळाप्रमाणे पुढे गेले, पण पैसा लावणारा तो शहराचा मालक, हे त्यांनी कधीच मान्य केले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर मुंबईचा दीक्षा समारंभ १६ डिसेंबरला ठरला होता. त्याआधीच ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तेथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. मुंबईची दीक्षा अशी चितेच्या साक्षीने झाली. त्या जागी उभारलेल्या चैत्यभूमीच्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले.

बंदर सरकले, माणसे राहिली

१९७२ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून दलित पँथर उभी राहिली. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली आणि त्याच दिवसांत परळच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर बहुतेक गिरण्या पूर्ववत चालल्याच नाहीत.

गोदीतही तसेच झाले, पण त्याची चर्चा कमी झाली. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झाले. माल कंटेनरमध्ये येऊ लागला. जी गाठ उचलायला टोळी लागत असे, ती पेटीसकट क्रेनने उचलली जाऊ लागली. मुंबई बंदरातील कामगारांची संख्या घटत गेली. गोदी आणि गिरण्या गेल्या आणि त्यांच्याखालची जमीन कापडापेक्षा महाग झाली.

इंदू मिलचा प्रश्न याच संदर्भात समजून घ्यावा. चैत्यभूमीलगतची ही साडेबारा एकर जागा स्मारकासाठी मिळावी म्हणून आंबेडकरी समाजाला वर्षानुवर्षे लढावे लागले. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते थेट मिलमध्ये शिरले. २०१५ मध्ये भूमिपूजन झाले. गिरणीच्या जमिनीवर कामगारांच्या मुलांचा हक्क कोठे राहिला, या प्रश्नाला मिळालेली जी थोडी उत्तरे आहेत, त्यांत हे एक आहे.

आज काय जपायचे?

बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या काही रहिवाशांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. याचा आनंद आहे. सामाईक शौचालयाच्या रांगेत कोणी जन्म काढावा, असे आम्हाला वाटत नाही. पण चाळ पडते तेव्हा तिच्याबरोबर तळमजल्यावरचे विहार, व्यायामशाळा, जयंती मंडळाची खोली आणि भिंतीवरच्या जुन्या तसबिरीही जातात. नव्या इमारतींत विहाराला आणि वाचनालयाला जागा असावी, हा आग्रह आताच धरला पाहिजे. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीचा नवा आराखडा होईल, तेव्हा गोदीकामगारांच्या इतिहासालाही तेथे जागा मागितली पाहिजे.

दुसरे काम घरातले आहे. आजोबांचा गोदीचा पास, गिरणीचे हजेरीचे तिकीट, पगाराची पावती, १९५६ चा फोटो, आजीने सांगितलेला बोटीचा प्रवास. हे कागद रद्दीत जाण्याआधी त्यांच्या प्रती करून ठेवा आणि आठवणी तारीख घालून लिहून काढा.

मुलांना घेऊन जायचे असेल तर क्रम साधा आहे. नालासोपाऱ्याचा स्तूप, कान्हेरी, अंधेरीची महाकाली लेणी, परळची बाबासाहेबांची खोली, दादरचे राजगृह आणि शेवटी चैत्यभूमी. कान्हेरीत दान देणाऱ्या सोनाराचे आणि उपासिकेचे नाव दोन हजार वर्षे टिकले, कारण ते कोणीतरी दगडात कोरले. गोदीत ओझे वाहणाऱ्या आपल्या माणसांची नावे निदान कागदावर यावीत. ते काम आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.